बोटीवरून १,५०० डॉलर निघतात, घरी कमी का पोहोचतात?

माझे मिस्टर बोटीवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम आहेत. घर गुहागर तालुक्यात, आणि घरचा सगळा हिशोब माझ्याकडे. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्यात एकच बोलणं व्हायचं. बँकेचा मेसेज बघून मी विचारायची, "या वेळी कमी का पाठवले?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "अगं, कंपनीने पूर्ण पाठवलेत, मी स्वतः कागद बघितलाय." दोघंही खरंच बोलत होतो, तरीही महिन्याला तीन-सव्वातीन हजारांचा फरक पडत होता. कधी जास्तच. सासूबाईंना वाटायचं मुलगा तिकडे उधळतोय, आणि हजारो मैलांवर इंजिनाच्या आवाजात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्याच पगाराचा खुलासा करत बसावं लागायचं. मला याचंच जास्त वाईट वाटायचं.

दापोली-हर्णैपासून मालवणपर्यंत आणि पुढे गोव्यातही अशी शेकडो घरं आहेत. त्या घरांत पासबुक सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एवढंच शोधा: डॉलर कमी आले की रुपये?

आमची मुख्य चूक ही होती की आम्ही रुपयांवरून भांडत होतो. रुपयांचा आकडा हा शेवटचा आकडा असतो. त्याच्या आधी तीन ठिकाणी पैसे कमी होऊ शकतात, आणि तिन्ही ठिकाणी जाब विचारायचा माणूस वेगळा. म्हणून दर महिन्याला तीन आकडे एका वहीत लिहायचे. कंपनीने अलॉटमेंट म्हणून, म्हणजे पगारातून घरी पाठवायची ठरलेली रक्कम म्हणून, किती डॉलर पाठवले हा पहिला. आपल्या बँकेच्या हातात प्रत्यक्ष किती डॉलर पडले हा दुसरा. बँकेने कुठल्या दराने रुपये केले आणि वर काय कापलं हा तिसरा.

पहिला आकडा बोटीवरच्या वेज स्लिपवर असतो. तिसरा थोड्या खटपटीने मिळतो. अडतं ते दुसऱ्यापाशी, कारण पासबुकात फक्त रुपये छापलेले असतात. त्यासाठी बँकेकडे इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस, म्हणजे बाहेरून आलेल्या पैशांचा तपशील मागायचा. त्यावर आलेले डॉलर, लावलेला दर, जीएसटी आणि पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा), सगळं असतं. शाखेत "असं काही मिळत नाही" म्हणतील, तर फॉरेक्स विभागाचा ईमेल पत्ता मागा आणि लेखी विचारा. आम्हाला तिसऱ्या ईमेलनंतर मिळाला. पुढे मात्र दर महिन्याला आपणहून येऊ लागला.

हिशोबापुरता बाजारदर ८८ रुपये धरते. अलॉटमेंट १,५०० डॉलर, म्हणजे घरच्यांच्या डोक्यात १,३२,००० रुपये. वाटेत २५ डॉलर कापले गेले, बँकेच्या हातात पडले १,४७५. बँकेने ८७.४० दर लावला, झाले १,२८,९१५. त्यावर जीएसटी २०६. खात्यात जमा १,२८,७०९. एकूण तूट ३,२९१ रुपये. त्यातले २,२०० वाटेतल्या कपातीचे, ८८५ दरातल्या फरकाचे, २०६ कराचे.

हा हिशोब मांडल्यावर मी गप्प झाले, कारण तोवर मी बँकेशी फक्त दरावरून हुज्जत घालत होते. मोठं भोक दुसरीकडेच होतं.

बोटीवरच कमी निघाले असतील तर

वेज स्लिप व्हॉट्सअॅपवर मागवा. दर महिन्याला, न चुकता. बोसन असो की मेसमन, महिन्याचा हिशोब लेखी मिळणं हा खलाशाचा हक्क आहे. २००६ चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात स्पष्ट आहे की पगार एक महिन्यापेक्षा जास्त अंतराने देता येत नाही, आणि ठरलेल्यापेक्षा वेगळ्या चलनात किंवा दरात पैसे दिले असतील तर तो दर महिन्याच्या हिशोबात दाखवावा लागतो. घरी पाठवायच्या अलॉटमेंटबद्दलही त्यात लिहिलंय: त्यासाठीचा आकार वाजवी हवा, आणि दर खलाशाच्या तोट्याचा नसावा.

स्लिपमध्ये काय बघायचं? पोर्टात उचललेली रोख, बाँडमधून (बोटीवरच्या दुकानातून) घेतलेल्या वस्तू, इंटरनेटची कार्डं, युनियनची वर्गणी. हे सगळं पगारातून वजा होतं. पण वजा होतं ते बहुधा बोटीवर राहणाऱ्या शिलकीतून. अलॉटमेंट ठरलेली असेल तर ती तशीच यायला हवी. ती तुटते ती दोनच वेळा, असा आमचा अनुभव. एक, शिल्लकच पुरली नाही तेव्हा. दुसरी म्हणजे पहिल्या महिन्यात. १७ तारखेला साइन ऑन झालं, म्हणजे माणूस बोटीवर रुजू झाला, तर त्या महिन्याचा पगार १४ दिवसांचाच. महिन्याचा पूर्ण पगार २,००० डॉलर असेल तर हातात ९३३ येतात, मग १,५०० ची अलॉटमेंट कुठून जाणार? हे आधी माहीत असेल तर त्या महिन्याचा गृहकर्जाचा हप्ता बाजूला काढून ठेवता येतो. आम्हाला माहीत नव्हतं, आणि हप्ता परत गेला.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती गंभीर आहे. पगार आठवडाभर पुढे गेला तर बँक, सुट्टी, काहीही कारण असू शकतं. पण सलग दोन महिने पगारच आला नाही, तर ते बँकेचं दुखणं नाही. त्याच करारात कमीत कमी दोन महिन्यांचा पगार थकवणं हे खलाशाला वाऱ्यावर सोडून दिल्याचं एक लक्षण मानलं आहे. अशा वेळेसाठी जहाजमालकाला आर्थिक हमी ठेवावी लागते, आणि तिच्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळू शकतो. त्या हमीचं प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. त्याचा फोटो बोटीवर चढल्या चढल्या काढून घरी पाठवायला सांगा. एजंट "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत असेल तर थांबू नका. भरती एजंटाला परवाना देणारं डीजी शिपिंगचं कार्यालय मुंबईतच आहे. तिथे आणि युनियनकडे दोन्हीकडे लेखी कळवा.

डॉलर वाटेत कमी होत असतील तर

आमची खरी गळती इथे होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉलर कंपनीच्या बँकेतून सरळ आपल्या शाखेत येत नाहीत. भारतातल्या प्रत्येक मोठ्या बँकेचं परदेशातल्या एखाद्या बँकेत स्वतःचं डॉलर खातं असतं, त्याला नोस्ट्रो खातं म्हणतात. पैसे तिथे जमा होतात, आणि मग आपली बँक इथे आपल्या खात्यात रुपये टाकते. कंपनीची बँक आणि ते नोस्ट्रो खातं यांच्यामध्ये एक किंवा दोन मधल्या बँका असू शकतात. प्रत्येक मधली बँक आपली फी त्या रकमेतूनच कापून पुढे पाठवते.

स्विफ्टने, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेने, पैसे पाठवताना फी कोणी भरायची हे पाठवणारा ठरवतो. तीन पर्याय असतात: ओयूआर म्हणजे सगळी फी पाठवणाऱ्याची, बीईएन म्हणजे सगळी घेणाऱ्याची, आणि एसएचए म्हणजे वाटून. वाटून म्हटलं तरी व्यवहारात पाठवणारा फक्त स्वतःच्या बँकेची फी भरतो आणि वाटेतल्या कपातीचा भार आपल्यावर येतो. तुमचा कुठला पर्याय आहे ते बघायला कंपनीकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागवा. जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव एमटी १०३ आहे. हल्ली संदेशाचा साचा बदललाय, पण त्या नावाने मागितली तरी एजंटला कळतं. त्या प्रतीवर पाठवलेली रक्कम, पुढे सरकलेली रक्कम आणि फीचा पर्याय दिसतो. शिवाय ३६ अक्षर-चिन्हांचा एक लांबलचक क्रमांक असतो, यूईटीआर. पैसे वाटेत अडकले तर तो क्रमांक बँकेला द्यायचा. त्यावरून पैसे कुठल्या बँकेत थांबलेत हे त्यांना शोधता येतं. तो नसेल तर "वाट बघा" याशिवाय काही ऐकायला मिळत नाही.

ओयूआर करून द्या, असं आम्ही एजंटला विचारलं. नाही म्हणाले, सगळ्या क्रूचे पैसे एकाच पद्धतीने जातात. मग उपाय सापडला तो अलॉटमेंट फॉर्ममध्येच. त्यात इंटरमिजिएटरी बँक असा एक रकाना असतो. तो आम्ही कायम कोरा ठेवला होता, आणि कोरा असला की कंपनीची बँक तिच्या सोयीचा रस्ता पकडते. आपल्या बँकेच्या वेबसाइटवर किंवा फॉरेक्स विभागात विचारलं की डॉलरसाठी त्यांचं नोस्ट्रो खातं कुठल्या बँकेत आहे, तिचा स्विफ्ट कोड काय, हे मिळतं. ते भरून नवा फॉर्म पाठवला. पुढच्या महिन्यापासून कपात २५ डॉलरवरून १० वर आली. प्रत्येकाची इतकीच वाचेल असं नाही, पण तो रकाना कोरा ठेवण्यात काहीच फायदा नाही.

दुसरी गळती आम्हीच तयार केली होती. सुरुवातीला अलॉटमेंटचे दोन भाग होते, ७५० माझ्या खात्यात आणि ७५० सासऱ्यांच्या. घरात मानापमान नको म्हणून. पण दोन भाग म्हणजे दोनदा कपात. आता सगळे पैसे मिस्टरांच्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयाच्या बाहेरच्या कमाईसाठीचं रुपयांचं खातं) एकदाच येतात आणि तिथून सासऱ्यांच्या खात्यात दर महिन्याच्या ७ तारखेला रुपये आपोआप जातात. सासऱ्यांना पैसे मुलाच्याच नावाने दिसतात, ते मला महत्त्वाचं वाटलं.

दराबद्दल

गूगलवर दिसणारा दर कोणालाच मिळत नाही. तो खरेदी आणि विक्रीच्या मधला असतो. बँक आपले डॉलर विकत घेते, तेव्हा ती टीटी बाइंग दर लावते आणि तो कमीच असतो. तुलना करायचीच तर पैसे जमा झाले त्या दिवसाच्या एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) या संस्थेच्या संदर्भ दराशी करा. २०१८ पासून हा दर तीच संस्था रोज दुपारी जाहीर करते. पाठवल्याच्या दिवसाचा दर धरू नका, तिथेच गोंधळ होतो.

शाखा व्यवस्थापकांना वर्षभराचे आकडे दाखवून विनंती केली तर दर थोडा सुधारतो. आमचा ६० पैशांचा फरक ४० वर आला, म्हणजे महिन्याला २९५ रुपये. मागून मिळत असेल तर मागावं. पण आधी वाटेतली कपात सोडवा.

जीएसटीबद्दल भांडू नका. तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का, निदान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात. रक्कम एक ते दहा लाखांची असेल तर १,००० रुपये अधिक एक लाखाच्या वरच्या भागाच्या अर्धा टक्का. १८ टक्के कर लागतो तो या मूल्यावर. वरचे २०६ रुपये तसेच आले.

आणि डॉलर अजून वाढेल म्हणून थांबावं का? घरखर्चाचे पैसे थांबवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ता, शाळेची फी, किराणा रुपयांत आहे. दहा वर्षांनी लागणारे पैसे डॉलरमध्ये ठेवायचे असतील तर एफसीएनआर, म्हणजे अनिवासींसाठी परकीय चलनातली ठेव आहे, मुदत एक ते पाच वर्षं. वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पैसे आलेच नाहीत, किंवा परत गेले

आपल्याकडे याचं पहिलं कारण नाव. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण, आणि बँकेत आडनाव आधी किंवा वडिलांचं फक्त आद्याक्षर. कंपनी पासपोर्टवरून नाव घेते. बँकेतलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. एकदाच करायचं काम आहे.

दुसरं कारण कोड. आयएफएससी देशातल्या व्यवहारासाठी असतो, परदेशातून पैसे येतात ते स्विफ्ट कोडवर. तालुक्याच्या शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, तेव्हा बँक सांगेल त्या शाखेचा लिहायचा आणि खाते क्रमांक आपला. फॉर्ममध्ये आयबॅन (काही देशांत वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागितला तर गोंधळू नका, भारतात आयबॅन नाही. तालुक्यातल्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत थेट डॉलर मागवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. परकीय चलनाचा परवाना नसेल तर पैसे दुसऱ्या बँकेमार्फत फिरून येतात किंवा परत जातात.

कॅलेंडरही बघा. डॉलरची देवघेव अमेरिकेतल्या बँकांमधून होते, त्यामुळे ४ जुलैला किंवा नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे सुट्टी असते. त्याला आपला दुसरा-चौथा शनिवार जोडून आला की चार दिवस जातात.

बँकेने पर्पज कोड विचारला तर खरं उत्तर द्या आणि पगाराचा करार सोबत जोडा. एकदा माझ्या बचत खात्यात आलेले पैसे कोडसाठी नऊ दिवस अडकले होते.

त्याच दिवसांत एनआरई खात्यात येणाऱ्या पुढच्या अलॉटमेंटबद्दल विचारायला गेले तर बँक म्हणाली, ते खातं तुमचं नाही. तेव्हा मिस्टरांचं जहाज समुद्रात, फोन लागत नाही. हे पुन्हा होऊ नये म्हणून सुट्टीवर असतानाच मुखत्यारपत्र करून ठेवा. एनआरई खात्यात भारतात राहणारा जवळचा नातेवाईक 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने जोडधारक होऊ शकतो, आणि मूळ धारक हयात असताना मुखत्यार म्हणून व्यवहार पाहू शकतो. साइन ऑनच्या तयारीच्या यादीत बूट आणि बॉयलर सूटच्या आधी हा कागद लिहा. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं.

सुट्टीतले महिने

डॉलर पूर्ण आले तरी आमच्याकडे दर वर्षी एक तंगी यायची. आठ महिने पगार, चार महिने काहीच नाही. सुट्टीवर आलेला माणूस चार महिन्यांत गणपती, लग्नकार्यं, घराचं छप्पर असं सगळं उरकतो आणि परत जाताना उसने घ्यावे लागतात. आता एनआरई खात्यातून घरखर्चाला बारा महिने एकच रक्कम जाते, बोट असो वा सुट्टी. आठ महिन्यांच्या पगाराला बारांनी भागून काढलेली. आमचा आकडा ६५,००० आहे, कर्जाचा हप्ता वेगळा. साइन ऑफच्या, म्हणजे बोट सोडण्याच्या वेळी मिळणारे रजेचे पैसे या हिशोबात धरतच नाही, ते मोठ्या कामांसाठी.

कराचं थोडक्यात

आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहणं झालं, म्हणजे साध्या वर्षात किमान १८४ दिवस बाहेर, तर खलाशी अनिवासी ठरतो. परदेशी जाणाऱ्या बोटीवरचे दिवस सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदपुस्तिकेवरच्या) साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखांवरून मोजतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१७ चं परिपत्रक १३ सांगतं की अनिवासी खलाशाचा बाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ इथल्या एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही. त्यात शब्द एनआरई खात्याचा आणि तेही खलाशाच्या स्वतःच्या खात्याचा आहे. अलॉटमेंट माझ्या बचत खात्यातून काढून तिकडे नेण्याचं हेही एक कारण. दिवस १८४ च्या काठावर असतील तर साइन ऑफची तारीख ठरण्याआधीच सीएशी बोला, नंतर तारीख बदलत नाही.

साइन ऑफला हातात रोख डॉलर दिले तर विमानतळावर लक्ष ठेवा: नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा सगळं परकीय चलन मिळून १०,००० च्या वर, तर कस्टमकडे चलन जाहीर करण्याचा फॉर्म भरावा लागतो. त्याची शिक्का मारलेली प्रत जपून आणायला सांगा. त्या नोटा एनआरई खात्यात भरताना बँक तीच मागते, आणि भरायला स्वतः खातेदाराने जावं लागतं, तिथे मुखत्यारपत्र चालत नाही.